शपथांचा सुकाळ, सेवकांचा दुष्काळ

वऱ्हाडात व्यसनमुक्तीच्या शपथांना तोटा नाही. २३ फेब्रुवारीला संत गाडगेबाबांची जयंती, ३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिन, २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन, आश्विनात मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव आणि २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. या प्रत्येक निमित्ताने अमरावती-अकोल्याच्या शाळा-महाविद्यालयांतून मुले उजवा हात पुढे करून शपथ घेतात, प्रमुख पाहुणे भाषण करतात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र झळकते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरीही शपथ घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला खर्ऱ्याच्या पुडीसाठी फार दूर जावे लागत नाही, हे शिक्षकांपासून पोलिसांपर्यंत सर्वांना ठाऊक असते.

शपथ वाईट नाही. संकल्पाला भारतीय परंपरेत मोठे स्थान आहे. परंतु ज्याची शपथ मोडली, त्याला दुसऱ्या दिवशी कोणाकडे न्यायचे, या प्रश्नाचे उत्तर शपथ देणाऱ्यांपैकी किती जणांपाशी असते? ज्या समाजाने व्यसनमुक्तीचे इतके सोहळे केले, त्या समाजातील किती सुशिक्षित घरांनी आपला मुलगा वा मुलगी या कामासाठी दिली? डॉक्टर, अभियंता, संगणकतज्ज्ञ होण्यासाठी कर्ज काढणारे मध्यमवर्गीय घर ‘व्यसनमुक्ती समुपदेशक होईन’ असे मुलाने म्हणताच गप्प का होते? खरा दुष्काळ येथे आहे.

झिंगराजींचे घर

गाडगेबाबांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्यांनी त्यांच्या बालपणाकडे एकदा नीट पाहावे. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात डेबूचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. त्या दारूने घरदार गेले आणि झिंगराजी अकाली मरण पावले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या गावी माहेरी आल्या. म्हणजे ज्या महापुरुषाचे नाव आज अमरावतीचे विद्यापीठ अभिमानाने मिरवते, तो एका व्यसनग्रस्त पित्याचा पोरका मुलगा होता. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांना जोडणारा त्याच्या आयुष्यातील पहिला धागा दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराचा आहे.

पुढे डेबूजींच्या घरी मुलीचे बारसे आले. दारू आणि मटणाचे जेवण देण्याची रीत होती. डेबूजींनी रीत मोडून गोडाचे जेवण दिले. भाऊबंद रुसले, पण ते मागे सरले नाहीत. घरच्या मंगल कार्यात दारूला नकार देण्याची हिंमत त्यांनी कोणत्याही व्यासपीठावर उभे राहण्यापूर्वी दाखवली. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले आणि १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत, एक्कावन्न वर्षे, लोकांच्या मनातील आणि गल्लीतील घाण काढण्याचे काम केले. सण-समारंभापुरते, सवड मिळेल तसे केलेले ते काम नव्हते. त्यामागे पूर्ण आयुष्य होते.

त्यांच्या कीर्तनाची पद्धतही विसरली गेली आहे. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचीत. कर्ज काढून सण करावा का, दारू प्यावी का, पोराला शाळेत घालावे का, हे श्रोताच स्वतःला ऐकवू लागे. १९८० च्या दशकात पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी व्यसनी माणसाशी बोलण्याची एक पद्धत विकसित केली. आज ती जगभर शिकवली जाते. तिचे मूळ सूत्र असे की, व्यसनीला बदलाची कारणे ऐकवू नका, ती त्याच्याच तोंडून येऊ द्या. वऱ्हाडच्या एका निरक्षर संताने जे मैदानावर केले, त्याचा अभ्यासक्रम परदेशात झाला. त्याच्या जन्मभूमीत मात्र उपदेशाची भाषणे तेवढी उरली.

एकशेऐंशीत एक

या दुष्काळाचे माप सरकारी आकड्यांतच सापडते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा ते पंच्याहत्तर या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना त्यापायी मदतीची गरज आहे, असे त्यात नमूद आहे. दारूवर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही स्वरूपाचे उपचार मिळतात. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० पैकी एकाला.

मुलांच्या बाबतीत हा अहवाल अधिक बोचरा आहे. पंक्चर काढण्याचे सोल्युशन, व्हाइटनर यांसारखे हुंगण्याचे पदार्थ हा एकमेव प्रकार असा आहे, की ज्यात मुलांचे प्रमाण प्रौढांहून जास्त आहे. मुलांत १.७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के. सुमारे ४ लाख ६० हजार मुलांना त्यासाठी मदतीची गरज आहे. हे पदार्थ कोणत्याही दुकानात, कोणत्याही परवान्याविना मिळतात. दुसरीकडे २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनची, म्हणजे तरुणांच्या तोंडी असलेल्या ‘एम.डी.’ची, निर्मिती पोलिसांनी उघडकीस आणली. विष महाराष्ट्राच्या भूमीतच तयार होऊ लागले असता वऱ्हाड त्यापासून सुरक्षित राहील, ही समजूत भाबडी आहे.

तंबाखूचे तर सांगायलाच नको. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात आणि त्यांतील बहुतेक जण ती चघळतात. कोवळ्या वयात सुपारी आणि तंबाखू तोंडात धरणाऱ्या मुलाचे तोंड हळूहळू उघडेनासे होते. तिखट लागले तर आग होते, घास आत जात नाही आणि पुढे त्याच जागी कर्करोगाचा धोका बळावतो. विदर्भातील दंतवैद्याला हे चित्र नवे नाही.

उपदेश आणि उपचार

व्यसनाकडे पाहण्याच्या तीन सवयी मध्यमवर्गीय समाजात रूढ आहेत आणि तिन्ही घातक आहेत. पहिली उपदेशाची. ‘मनाचा निग्रह केला तर सुटते’ असे सांगून माणसे मोकळी होतात. दुसरी लपवण्याची. मुलाचे लग्न जमायचे असते, मुलीच्या सासरी कळायला नको असते, म्हणून दहा वर्षे घरातल्या घरात रडणे चालते. तिसरी जालीम उपायाची. जेवणात गुपचूप भुकटी कालवा, खोलीत कोंडून घाला, मारझोड करणाऱ्या एखाद्या ‘केंद्रा’त टाकून या.

या तिसऱ्या सवयीने माणसे मरू शकतात. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याची दारू अचानक तोडली, की काही तासांत हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास आणि तीव्र अस्वस्थता सुरू होऊ शकते. वेळेवर उपचार न झाल्यास ही अवस्था प्राणघातक ठरते. योग्य औषधे आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व यांच्या साहाय्याने डॉक्टर हा काळ सुरक्षित पार पाडू शकतो. दारू सोडवण्यासाठी वापरले जाणारे एक अधिकृत औषध असे आहे, की ते घेतल्यावर दारू प्यायल्यास शरीरात तीव्र प्रतिक्रिया उठते. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. ते चोरून वरणात कालवणारी आई पोराच्या भल्यासाठीच धडपडत असते. पण तिला हे सांगणारा माणूस गावात नसतो.

शरीरातील विष उतरले की खरे काम सुरू होते. माणूस का पितो, कोणासोबत पितो, पगाराच्या दिवशी त्याचे पाय कोठे वळतात, बाप वारल्यावर काय झाले, बायकोशी बोलणे कधी थांबले, हे सारे उलगडावे लागते. त्यानंतर कुटुंबाची उभारणी, रोजगार आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा. पुष्कळांचे पाऊल पुन्हा घसरते. मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढली तर त्याला कोणी ‘पापी’ म्हणत नाही, औषध बदलतात. व्यसनाबाबत ही दृष्टी आता कायद्यानेही स्वीकारली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांना मानसिक आजारांत स्थान दिले. स्वतःहून उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनग्रस्ताला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद अमली पदार्थविरोधी कायद्यातच आहे. कायदा इतका पुढे गेला असताना समाज ‘निग्रहा’पाशीच अडून आहे.

हे सारे करण्यासाठी मनोविकारतज्ज्ञ हवा, मनोविकार परिचर्येचे शिक्षण घेतलेली परिचारिका हवी, नैदानिक मानसशास्त्रज्ञ हवा, वैद्यकीय समाजकार्याची पदवी घेतलेला कार्यकर्ता हवा आणि व्यसनातून बाहेर पडून प्रशिक्षित झालेला जुना रुग्णही हवा. हे शिकून करायचे काम आहे. केवळ सद्भावनेने ते होत नाही, जसे केवळ सद्भावनेने अपेंडिक्सचे ऑपरेशन होत नाही.

प्रतिबंध कशाने होतो?

उपचाराइतकेच प्रतिबंधाचेही शास्त्र आहे. संयुक्त राष्ट्रसंघ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी जगभरच्या संशोधनाचा धांडोळा घेऊन २०१८ मध्ये प्रतिबंधाची सुधारित मानके प्रसिद्ध केली. त्यांचे सार प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावे असे आहे. एकदाच दिलेले भाषण, भीती दाखवणारी चित्रे, माजी व्यसनीचे रोमहर्षक अनुभवकथन यांचा मुलांवर फारसा चांगला परिणाम होत नाही, क्वचित उलटाच होतो. परिणाम होतो तो प्रशिक्षित शिक्षकाने दीर्घ काळ, संवादातून घेतलेल्या जीवनकौशल्यांच्या तासांचा आणि आईवडिलांशी मुलांचे नाते घट्ट करणाऱ्या उपक्रमांचा.

आइसलँड या चिमुकल्या देशाने हे करून दाखवले. तेथील १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले १९९८ मध्ये ‘गेल्या महिन्यात दारूच्या नशेत होतो’ असे सांगत. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्या देशाने तीन साध्या गोष्टी नेटाने केल्या. मुलांनी रात्री उशिरा बाहेर भटकू नये यासाठी पालकांनी एकत्र येऊन पहारा ठेवला. आईवडिलांनी मुलांसोबत अधिक वेळ घालवण्याचा आग्रह धरला गेला. आणि खेळ, संगीत, कला यांसाठी मुलांना सार्वजनिक पैशातून साहाय्य मिळाले.

सायंकाळी मुलाला मैदान, सोबत जाणता तरुण आणि घरी एकत्र जेवण! हे ऐकून वऱ्हाडातील जुन्या माणसाला नवल वाटणार नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा उभा केला, तो हेच ओळखून. पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आखाड्याचे रूपांतर शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात झाले आणि व्यायाम ही तरुणांची उपजीविकाही बनली. छंदाला शास्त्राची आणि शास्त्राला वृत्तीची जोड देण्याचा हा धडा अमरावतीनेच देशाला दिला आहे. व्यसनमुक्तीच्या बाबतीत तो का गिरवला जाऊ नये?

येथे स्वतःच्या घरातही पाहिले पाहिजे. श्रावणातील शेवटच्या सोमवारी पूर्णेचे जल घेऊन राजराजेश्वराकडे निघणारी अकोल्याची कावड हा हिंदू तरुणाईच्या भक्तीचा आणि शिस्तीचा उत्सव आहे. अशा उत्सवांत, गणेशोत्सवाच्या आणि नवरात्राच्या मिरवणुकांत, मागच्या बाजूला प्यायलेला एखादा गट नाचत असेल, तर त्याकडे काणाडोळा करणारे मंडळ धर्माची सेवा करीत नाही. ‘पोरे आपली आहेत’ म्हणून पाठीशी घालणे हा त्या पोरांशी केलेला द्रोह आहे. डेबूजींनी बारशाला जे केले, ते करण्याची हिंमत मंडळाच्या अध्यक्षापाशी हवी.

तिजोरी आणि ताळतंत्र

परकीय राजवटीने या देशात दारू आणि अफू यांना महसुलाचे साधन बनवले. भारतात पिकवलेली अफू चीनच्या गळी उतरवण्यासाठी इंग्रजांनी दोन युद्धे लढली. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले, त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता तो या पार्श्वभूमीवर. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर सोपवले. प्रत्यक्षात इंग्रज गेले आणि अबकारीची चटक राहिली.

२०२१ मध्ये तत्कालीन राज्य सरकारने चंद्रपूरची दारूबंदी उठवली. २०२२ मध्ये त्याच सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध आवाज उठला, तो योग्यच होता. परंतु सरकार बदलल्याने तिजोरीची तहान भागत नाही. जून २०२५ मध्ये दारूवरील शुल्क वाढवून सुमारे १४ हजार कोटी रुपये अधिक मिळवण्याचा निर्णय विद्यमान सरकारने केला. दर वाढल्याने पिणे घटावे, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र या पैशातील किती वाटा त्याच दारूने मोडलेल्या घरांच्या उपचारासाठी, असा प्रश्न विचारण्याचा हक्क राष्ट्रवादी विचाराच्या नागरिकाने आपल्या आवडत्या सरकारपुढेही सोडता कामा नये. सत्ता कोणाची आहे हे पाहून प्रश्नाची धार कमी करणे हे कार्यकर्त्याचे लक्षण नव्हे.

‘किती प्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे’ असे म्हणणारा एक उच्चभ्रू वर्ग आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा हा युक्तिवाद दिवाणखान्यात शोभतो. व्यसन ज्या गोष्टीवर पहिला घाला घालते, ती गोष्ट म्हणजे ठरवण्याची शक्तीच. ती गमावलेल्या माणसाला स्वातंत्र्याची दीक्षा देणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे स्वातंत्र्य बहाल करणे होय.

माणसे कोठून येणार?

२९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी ते उभे केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्यास आधार होता. अवचट दांपत्याचे वैचारिक गोत्र समाजवादी. पण चांगल्या कामाची जात विचारायची नसते, त्यापासून शिकायचे असते. त्या केंद्रात बरे झालेले रुग्ण कार्यकर्ते झाले, रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट उभा राहिला आणि १९९७ मध्ये डॉ. अनिताताई गेल्यानंतरही काम थांबले नाही, कारण तोवर माणसे तयार झाली होती. एका मनोविकारतज्ज्ञ स्त्रीने आपले ज्ञान आणि आयुष्य या प्रश्नाला दिले, त्यातून हे घडले.

अशी माणसे राष्ट्रीय विचाराच्या परिवाराने दिली नाहीत, असे नाही. कुष्ठरोग झालेल्या सदाशिव गोविंद कात्रे या स्वयंसेवकाने १९६२ मध्ये चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. त्या कामात अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट दाखल झाले आणि तेथेच त्यांनी आयुष्य वाहिले. २०१८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली, २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. कुष्ठरुग्णालाही एके काळी पापी समजून घराबाहेर काढले जात होते. ज्याला समाजाने टाकले, त्याच्याजवळ जाऊन बसणारा पथ्रोटचा तरुण वऱ्हाडाने जन्माला घातला. आज टाकलेला माणूस वेगळा आहे. तो गटारीच्या कडेला पडलेला असतो, कधी आतल्या खोलीत कडी लावून बसलेला असतो आणि पुष्कळदा त्याचे वय एकोणीस-वीस असते.

म्हणून मागणे तीन. शासनाने दारूच्या महसुलातील ठरावीक हिस्सा कायद्याने राखून प्रत्येक तालुक्यात प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि त्याला अनुदानाची वाट पाहत राहावे लागणाऱ्या मानधनाऐवजी सन्मानाचे नियमित वेतन द्यावे. गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने व्यसनोपचार आणि प्रतिबंध यांच्या अध्ययनात देशात पुढे असावे. तो त्या नावाचा अर्थ आहे. आणि गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनी, मंदिरांनी व शाखांनी उपचार घेऊन परतलेल्या माणसासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ राखावी. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ नियमित एकत्र बसण्याच्या बळावर जगभर पसरली. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना ज्या गावांत रोज होते, तेथे बसायला सतरंजी आणि सोबतीला माणसे आधीच आहेत.

चौथे मागणे कुटुंबांकडे आहे आणि तेच सर्वांत अवघड आहे. वैद्यकीय पदवी घेऊन दवाखाना न थाटणाऱ्या डॉ. हेडगेवारांना १९३० च्या जंगल सत्याग्रहानंतर अकोल्याच्या कारागृहात ठेवले होते. पदवी घेऊन ती समाजाला वाहण्याची कल्पना कार्यकर्त्यांच्या घरांना नवी नाही. पूर्णवेळ माणसाशिवाय कोणतेही काम उभे राहत नाही, हे संघटनेची शंभर वर्षे सांगतात. यंदा बारावीच्या निकालानंतर घरातील मुलगी म्हणाली की तिला मानसशास्त्र शिकून व्यसनमुक्तीचे काम करायचे आहे, तर ‘त्यात काय ठेवले आहे?’ हा प्रश्न तिला विचारू नये. फी भरावी, पाठीवर हात ठेवावा आणि चार लोकांत तिचे काम अभिमानाने सांगावे. तेवढे झाले तर पुढच्या २० डिसेंबरला बाबांच्या प्रतिमेपुढे शपथ एखादी कमी झाली तरी चालेल.